एक तोळा पितळ आणि हजार यार्ड

1 ऑगस्ट 2024 रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकलं आणि त्या आठवड्यात आमच्या घरी प्रत्येक जण नेमबाजीचा जाणकार झाला. आईने मात्र सगळ्यांत कामाचा प्रश्न विचारला. "हे लोक गोळ्या स्वतः बनवतात की दुकानातून आणतात?"

स्वप्नीलच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. 50 मीटरच्या स्पर्धेत पॉइंट टू-टू नावाचं छोटं काडतूस वापरतात. ते विकतच घ्यावं लागतं, कारण त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो. एकदा ती कड घोड्याच्या टाचणीने चेपली की काडतूस संपलं. म्हणून मोठे खेळाडू आपली रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी केंद्रावर जातात, निरनिराळ्या लॉटची काडतुसं झाडून बघतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट उचलतात.

पण नेमबाजीची एक दुसरी दुनिया आहे. तिथे लक्ष्य 600 किंवा 1000 यार्डांवर असतं, काडतूस मोठं असतं आणि बहुतेक जण ते स्वतःच्या हाताने भरतात. अमेरिकेत हा छंद घरोघरी दिसतो. माझा मावसभाऊ ओहायोत राहतो, कॅम्प पेरीच्या मैदानापासून तासाभरावर. 1907 पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात. दादाच्या गॅरेजमध्ये मी दोन आठवडे लुडबुड केली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली: बारूद मोजणं आणि गोळी बसवणं हे काम तासाभराचं, रिकामी पितळी पुंगळी तयार करणं हे काम दोन रविवारांचं. हा लेख त्या दोन रविवारांबद्दल आहे.

काडतुसात असतं काय?

चार वस्तू. पुढे गोळी, आत बारूद, बुडाशी ठिणगी देणारी छोटी टोपी म्हणजे प्राइमर, आणि या तिघांना एकत्र धरणारी पुंगळी. गोळी, बारूद आणि प्राइमर प्रत्येक वेळी नवे लागतात. पुंगळी तेवढी परत वापरता येते.

तिचा आकार सुरईसारखा असतो: जाड बूड, सरळ अंग, मग आत वळणारा खांदा आणि वर अरुंद मान. गोळी मानेत अडकून बसते. पुढचं सगळं या चार शब्दांवरच चालणार आहे.

वजन म्हणाल तर पॉइंट थ्री-नॉट-एट या चांगल्या ओळखीच्या काडतुसाची पुंगळी बनावटीप्रमाणे 160 ते 180 ग्रेन भरते. ग्रेन हे या छंदातलं वजनाचं माप आहे. आपल्याला ते परकं वाटतं खरं, पण ब्रिटिश अमलातला तोळा बरोब्बर 180 ग्रेनचा होता. म्हणजे ही पुंगळी म्हणजे साधारण तोळाभर पितळ.

पितळच का?

कारण या वस्तूकडून दोन उलटी कामं हवी असतात. बार उडताना तिने फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटायचं, म्हणजे मागे गॅस फुटणार नाही. आणि क्षणात पुन्हा आक्रसायचं, म्हणजे ती सहज बाहेर ओढता येईल. कुकरच्या झाकणातलं रबर जे करतं तेच. फरक दाबाचा. थ्री-नॉट-एटसाठी अमेरिकेत मान्य असलेला कमाल दाब 62,000 पीएसआय आहे. गाडीच्या चाकात आपण 32 भरतो.

70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त हे मिश्रण हे दोन्ही करतं. पत्र्याच्या चकतीची आधी वाटी, मग वाटी ओढत ओढत लांब नळी, असं ते फाटल्याशिवाय ताणलंही जातं. काडतुसाची पुंगळी घडवण्याची तऱ्हा मुळात आजही हीच आहे.

पितळेचा एक जुना रोग मात्र आपल्याच मातीत गाजला. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जायची आणि पावसाळा सरला की पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले दिसायचे. कुणी ठोकलं नाही की वाकवलं नाही. 1921 मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना धातूत राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ कणाकणाच्या सांध्यातून उलतं. म्हणून आजही जाणकार माणूस पुंगळीला अमोनियाचं पॉलिश लावत नाही.

मग घासायची कशाने? दादा एका फिरत्या पिंपात पुंगळ्या, पाणी, स्टीलच्या बारीक सुया, थेंबभर भांड्यांचा साबण आणि चमचाभर सायट्रिक आम्ल टाकतो. मी म्हटलं, "अरे, ही तर मावशीची चिंच!" तो हसला. दुसरी तऱ्हा कोरडी: दळलेल्या अक्रोडाच्या टरफलात किंवा मक्याच्या बुरकुंडाच्या भरडीत पुंगळ्या थरथरवत ठेवायच्या. चकाकी कमी येते, पण मानेच्या आत काजळीचा पातळ थर राहतो आणि गोळी बसताना तो वंगणासारखा उपयोगी पडतो. लखलखीत घासलेल्या मानेत गोळी अडखळत जाते, मग तिथे ग्राफाइटची पूड लावावी लागते. आपल्याकडे समईला जो न्याय, तो इथे नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

हजार यार्ड म्हणजे 914 मीटर. तिथल्या एफ-क्लास स्पर्धेत, म्हणजे पालथं झोपून आणि रायफल आधारावर टेकवून खेळायच्या प्रकारात, दहा गुणांचं वर्तुळ 10 इंचांचं आणि आतलं एक्स वर्तुळ 5 इंचांचं असतं. आता दोन गोळ्या धरा. एक सेकंदाला 2600 फूट वेगाने सुटली, दुसरी 2610 ने. शंभर यार्डांवर हा फरक डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. हजार यार्डांवर थ्री-नॉट-एटची दुसरी गोळी तीन-चार इंच वर लागते. म्हणजे नेम अचूक, हात स्थिर, वारा शांत, तरी एक्स वर्तुळाचा बराच भाग नुसत्या वेगाच्या फरकाने खाल्ला. पितळ उघडं पडतं ते इथे.

हा वेग ठरवण्यात बारूद आणि प्राइमरचा मोठा वाटा असतो, पण पुंगळीचाही असतो. आतली जागा कमी-जास्त असली तर दाब बदलतो. मान कमी-जास्त घट्ट असली तर गोळी सुटण्याचा क्षण बदलतो. आणि इथे लोकांचा एक गैरसमज होतो. त्यांना वाटतं, पुंगळी आदर्श हवी. तसं नाही. शंभरच्या शंभर पुंगळ्यांना एकसारखी खोड असेल तर नेमबाज दुर्बिणीची चकती दोन टिचक्या फिरवून ती भरून काढतो. खोड प्रत्येकीची वेगळी असेल तर काय फिरवणार?

उडालेली पुंगळी पुन्हा मापात कशी आणतात?

बार उडाला की पुंगळी त्या रायफलच्या कोठडीचं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेचं, माप घेते. शिंप्याकडे न जाता अंगावरच शिवून आल्यासारखी. खांदा पुढे सरकतो, अंग फुगतं, मान रुंदावते. तशीच पुन्हा घातली तर बसेल कदाचित, पण अडखळेल. म्हणून तिला पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून थोडं आत घेतात.

"थोडं" म्हणजे किती, यावर सगळा खेळ आहे. पुण्या-पिंपरीच्या वर्कशॉपमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला "थाऊ" म्हणतात, तोच शब्द इथे बरा. एक थाऊ म्हणजे 0.0254 मिलिमीटर. बोल्ट रायफलसाठी, म्हणजे दर बाराला हाताने खिट्टी ओढायच्या रायफलसाठी, खांदा एक ते दोन थाऊ मागे ढकलला की पुरे. केसाची जाडीसुद्धा याहून जास्त असते.

जास्त ढकलला तर? पुढच्या बाराला खांद्याला पुढे धावायला तेवढी जास्त जागा मिळते, आणि तो धावतो तेव्हा पितळ बुडाच्या किंचित वर ताणलं जातं. दर वेळी आठ-दहा थाऊ मागे, आठ-दहा थाऊ पुढे. तार वाकवून वाकवून तोडतो तसंच हे. काही बारांत तिथे आतून खाच पडते आणि एके दिवशी बूड वेगळं होतं. हा अचूकतेचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

ओळखायचं कसं? बाहेरून बुडाच्या वर एक फिकट चकचकीत कडं दिसतं. खात्री करायला दादाकडे सगळ्यांत स्वस्त हत्यार आहे: कागदाला लावायची क्लिप सरळ करून टोकाशी काटकोनात वाकवलेली. ती आत घालून भिंतीवरून बुडाकडून वर ओढायची. चांगल्या पुंगळीत टोक घसरत येतं, बिघडलेलीत टोक खाचेत अडकतं. मी करून पाहिलं. हाताला अगदी कळतं, दाताची कीड सुईला कळावी तसं.

डायमध्ये घालण्याआधी पुंगळीला वंगण लागतं. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण, स्पिरिटमध्ये मिसळून फवारतात. कमी लागलं तर पुंगळी डायमध्ये रुतते. हा पराक्रम मी पहिल्याच दिवशी केला. दांडा ओढला, बुडाची कड फाटून हातात आली आणि बाकीची पुंगळी आत गच्च. दादा काही बोलला नाही. ड्रिलने बुडाला भोक पाडलं, आटे घातले, बोल्ट फिरवून ती उपसून काढली. जास्त वंगणही वाईट, खांद्यावर साचून खळगी पाडतं. माझ्या दुसऱ्या पुंगळीवर ती पडली.

पितळेला ताव का द्यावा लागतो?

पुण्याच्या तांबट आळीत कधी उभं राहिलात तर मठारण्याचा आवाज ऐकला असेल. हातोडीने ठोकून तांबं कडक करतात, त्यावर हंड्याचा टणकपणा. पण घडण मध्यावर असताना धातू फार कडक झाला तर पुढच्या ठोक्याला चिरतो, म्हणून तो भट्टीत घालून पुन्हा मऊ करतात. त्याला ताव देणं म्हणतात.

पुंगळीची मान नेमकी याच फेऱ्यातून जाते. बार उडाला की रुंदावते, डायमध्ये आवळते, गोळी बसताना पुन्हा ताणते. प्रत्येक वेळी हातोडीचा एक ठोका पडल्यासारखं. पाच-सहा वेळा वापरल्यावर ती इतकी कडक होते की डायमधून बाहेर येताच स्प्रिंगसारखी थोडी उसळते. त्यामुळे डाय तोच, हात तोच, तरी एका पुंगळीचा खांदा दोन थाऊ मागे जातो आणि दुसरीचा जेमतेम अर्धा. पुढे पुढे मानेला उभे तडे जातात.

म्हणून मान आणि खांदा एवढ्याच भागाला काही सेकंद ताव देतात. वेळ थोडा असल्याने तापमान 400 अंश सेल्सियसच्या वर न्यावं लागतं. पूर्वी सगळे गॅसच्या ज्योतीवर, अंधारात, लालीची पहिली चाहूल बघून करायचे. आता विजेच्या गुंडाळीत धरून तापवणारी यंत्रं आहेत. ती सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ पाळतात, आणि किंमत ऐकून माणूस पुन्हा ज्योतीकडे वळतो.

दोन गोष्टी इथे पक्क्या लक्षात ठेवायच्या. पहिली, बुडाकडे उष्णता पोचता कामा नये. बूड कडक असतं म्हणूनच तो दाब सोसतं. मऊ बुडाची पुंगळी म्हणजे हातात धरलेला अपघात. पुंगळ्या ओव्हनमध्ये भाजण्याची शक्कल कुणी सुचवली तर तिथून उठून जावं. दुसरी, तापवून पाण्यात बुडवली की कडक होईल ही भीती नको. ते पोलादाचं. पितळ पाण्यात टाका की हवेत ठेवा, मऊच राहतं. तांबटांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत फरक सर्वांत जास्त पडतो तो या दोन्हींनी: खांदा नेमका मागे आणणं आणि मानेला एकसारखा ताव. बाकीचं त्याच्या मागून.

आणि ते बारीक कातकाम?

ताणलेलं पितळ शेवटी मानेकडे वाहतं आणि पुंगळी लांब होते. थ्री-नॉट-एटची कमाल लांबी 2.015 इंच, ती गाठण्याआधी कापून 2.005 वर आणतात. न कापल्यास मानेचं तोंड कोठडीच्या पुढच्या कडेत दाबलं जातं, गोळी चिमटीत धरल्यासारखी होते आणि दाब धोक्याच्या पलीकडे जातो. कापल्यावर तोंडाची बर, म्हणजे मागे राहिलेली धारदार कड, आतून-बाहेरून काढायची, नाहीतर ती गोळीचं अंग खरवडते.

बुडात प्राइमरची ठिणगी आत जाण्यासाठी भोक असतं. बऱ्याच पुंगळ्यांत ते ठोकून पाडलेलं असल्याने आतल्या बाजूला बर राहते. ती आयुष्यात एकदाच काढायची असते. प्राइमरचं घर सारख्या खोलीचं करणं हेही एकदाचंच. ही कामं करताना रेडिओ लावावा.

मानेची भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असेल तर गोळी किंचित तिरकी बसते. हौशी लोक मान बाहेरून कातून सारखी करतात. ज्यांच्या रायफलची कोठडी मुद्दाम अरुंद करून घेतलेली असते, त्या बेंचरेस्टवाल्यांना, म्हणजे मेजावर रायफल टेकवून नेम धरणाऱ्यांना, हे करावंच लागतं. दुकानातल्या रायफलला नको. तिची कोठडी मुळातच ऐसपैस, त्यात मान आणखी पातळ केली तर ती दर बाराला जास्तच फुगते आणि लवकर मरते.

मान किती घट्ट हवी?

अंगठीसारखी. पडू नये, पण काढायला साबण लागू नये. मानेचं आतलं माप गोळीपेक्षा एक ते तीन थाऊ लहान ठेवतात. याहून आवळून पकड वाढत नाही. गोळी आत शिरताना मानच ताणून देते. म्हणून किती थाऊ यावर वाद घालण्यापेक्षा शंभर मानांचा कडकपणा सारखा ठेवणं जास्त मोलाचं. गोळी बसवताना दांड्यावर दादाचा हात एखाद्या पुंगळीला थबकतो. ती तो बाजूला सराव पेटीत टाकतो. कारण शोधत बसत नाही.

पुंगळ्या तोलून निवडल्या की झालं ना?

नव्या माणसाला हे सर्वांत आवडतं, कारण काटा आकडा दाखवतो. पण सोनाराचा काटा इथे अर्धंच खरं सांगतो. आपल्याला हवी आहे आतली जागा, आणि काटा दाखवतो धातूचं वजन. दोन तांबे बाहेरून एकाच मापाचे, पण एक जाड पत्र्याचा असेल तर त्यात पाणी कमी मावतं, इथवर ठीक. मात्र पुंगळीच्या बुडाभोवती बाहेरून एक खोबण असते. ती थोडी कमी-जास्त कातली गेली तर वजन बदलतं आणि आतली जागा तशीच राहते.

हिशेबही पाहा. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड. म्हणजे वजनातला दोन ग्रेनचा सगळा फरक आतूनच आला असं मानलं तरी पाण्याच्या मापात तो पाव ग्रेनही भरत नाही, आणि पुंगळीत मावतं सुमारे 56 ग्रेन पाणी. खरं मोजायचं तर उडालेली पुंगळी जुन्या प्राइमरसकट कोरडी तोलायची, काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोलायची, वजाबाकी करायची. शंभर पुंगळ्यांचं हे काम कुणी दुसऱ्यांदा केलेलं मी पाहिलं नाही. एकाच कंपनीचा, एकाच लॉटचा डबा घेऊन त्यातल्या फारच हलक्या-जड चार-पाच काढून टाकणं पुरेसं होतं. निरनिराळ्या बनावटी मिसळणं मात्र नको, तिथे तोळ्याला दोन आणे फरक सहज निघतो.

एवढं करून खरंच फायदा होतो का?

शंका रास्त आहे. हजार यार्डांवर थ्री-नॉट-एटची गोळी ताशी एक मैल वाऱ्याने नऊ-दहा इंच बाजूला जाते. वारा एका मैलाने चुकीचा वाचला, तर दोन रविवारांच्या कमाईपेक्षा नुकसान जास्त. चांगली नळी आणि चांगली गोळी यांचंही महत्त्व पुंगळीहून अधिक. पण वारा गोळीला आडवं नेतो, वेगाचा फरक उभं. नेमबाजाला चूक कुठून आली हे कळायचं असेल तर दोनपैकी एक तरी गोंधळ घरी मिटवून यावा लागतो.

दुसरी गफलत फायदा मोजताना होते. कुणी मान कातून पाच बार काढतो, पाचही नाण्याएवढ्या जागेत पडतात आणि पठ्ठ्या जगाला सांगत सुटतो. पुढचे पाच बशीएवढ्या जागेत पडले की ते "वाऱ्यामुळे". शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. दोन तऱ्हांमधला फरक पाहायचा तर दोन्हींचे वीस-तीस बार तरी हवेत, शक्य तर एकाआड एक.

आपल्याकडे हे चालतं का?

नाही, परवान्याशिवाय नाही. शस्त्र कायदा, 1959 नुसार काडतूस बनवायला परवाना लागतो आणि विनापरवाना बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. त्यामुळे हे वाचून कुणी भंगारवाल्याकडे पुंगळ्या शोधायला जाऊ नये. बारूद किती घालायचं हे मी मुद्दामच लिहिलेलं नाही. ते छापील तक्त्यातूनच घ्यायचं असतं, गप्पांतून नाही.

एक पुंगळी किती वेळा चालते?

जपली तर दहा-पंधरा वेळाही, दाब कमी ठेवला तर आणखी. बहुतेकदा पहिलं हरतं ते प्राइमरचं घर. ते सैल झालं की नवा प्राइमर अंगठ्याने दाबला तरी आत जातो. दादा दर पन्नास पुंगळ्यांच्या डब्यावर पेन्सिलने रेघा ओढतो, वाण्याच्या खात्यासारख्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. माझ्या मुक्कामात एका डब्याची अकरावी रेघ पडली. त्याच डब्यातल्या एकीत क्लिपचं टोक अडकलं. त्याने पक्कडीने तिची मान चेपून सपाट केली, म्हणजे चुकून परत भरली जाणार नाही, आणि खालच्या बादलीत टाकली. मग त्या डब्यातल्या उरलेल्या एकोणपन्नासही एकेक करून चेपल्या. मी म्हटलं, त्या तर चांगल्या निघाल्या असतील. तो म्हणाला, "एकत्रच वाढल्यात ना सगळ्या."